पुरणपोळी आणि जपानीचं दुसरं वर्ष

सायक्लोस्टाइलच्या ओल्या शाईचा वास आला, की मला अजून संध्याकाळचे सहा वाजल्यासारखं वाटतं. विद्यापीठातला आमचा जपानीचा वर्ग त्या वासाने सुरू होई. छापील पुस्तकं जहाजाने यायची होती, आणि ती वर्षभर येतच होती. तोवर आमच्या बाई, एका बंगळूरकर शास्त्रज्ञाशी लग्न करून इथे आलेल्या जपानी गृहिणी, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या धड्यांच्या प्रती आम्हांला वाटत. त्या बोलू लागल्या, की प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने पडे. कोणी उंचावरून थेंब थेंब पाणी सोडावं तसं. दिवसा मी संस्कृत काव्यातले ओळभर लांबीचे समास सोडवत असे आणि संध्याकाळी ही भाषा ऐके. एका भाषेने मला भरून टाकलं, दुसरीने रिकामं व्हायला शिकवलं.

आईला हे रिकामं होणं मुळीच पटत नव्हतं. तिचं माहेर धारवाडकडचं. भाजीवालीशी कन्नड, नोकरीला इंग्रजी आणि देवाला संस्कृत एवढ्यात माणसाचं सगळं भागतं, असा तिचा हिशेब होता. मल्लेश्वरममधल्या आमच्या शेजारच्या अक्कांनी तर पोरगी जपानात द्यायची आहे का, असं फाटकाशी उभं राहून विचारलं होतं. दुसऱ्या वर्षासाठी नाव सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी आईने, एक वर्ष हौस झाली, आता पुरे, असं जाहीर केलं. यंत्रांखेरीज कुठल्याही विषयात आईला विरोध न करणाऱ्या वडिलांनी वर्तमानपत्र थोडं वर उचललं.

त्याच रविवारी, वडिलांच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले एक जपानी इंजिनिअर आमच्याकडे जेवायला येणार होते. त्यांचं आणि वडिलांचं इंग्रजी सुट्या भागांच्या नावांपुरतंच जुळे. मी पाठ केलेलं स्वागताचं भाषण त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि इतक्या भरभर उत्तर दिलं, की मला त्यातलं शेवटचं क्रियापद तेवढं कळलं. आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सोमवारचा निकाल होता.

केळीच्या पानावर पुरणपोळी पडली. तुपाच्या आणि जायफळाच्या वासाने खोली जड झाली. पाहुण्यांनी पोळी संपवली, पान लख्ख केलं. आईने दुसरी वाढली. त्यांनी तीही संपवली. पाहुण्याचं पान रिकामं दिसणं म्हणजे यजमानाची नाचक्की, हे आईच्या रक्तातच होतं. पाचव्या पोळीला त्यांच्या कपाळावर घाम आला, सहाव्या पोळीला वडील सुट्या भागांविषयी बोलायचे थांबले.

"लाजताहेत बिचारे," आई म्हणाली. "घास संपला की पानाकडे बघत बसतात. आण गं आणखी एक."

तेव्हा मला बाईंचा एक धडा आठवला. वाढलेल्या अन्नातला शेवटचा दाणाही मागे ठेवायचा नाही, तो यजमानाचा अपमान. म्हणजे ते पान रिकामं करत होते मान राखण्यासाठी आणि आई ते भरत होती त्याच कारणासाठी. दोघंही अत्यंत सभ्यपणे वागत होती, आणि त्यात एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत संपत चालला होता.

माझ्याजवळ त्या वेळी पेन्सिली, छत्र्या आणि चेरीची फुलं यांविषयीची वाक्यं होती. त्यांतले शब्द सोडवून मी एक वाक्य जुळवलं : कृपया अर्धी राहू द्या, मग आई थांबेल. पाहुण्यांनी आधी माझ्याकडे, मग आईकडे, कोणीतरी चोरी करायला सांगावं तसं पाहिलं. आणि नखाएवढा तुकडा पानाच्या कडेला सारला.

"आवडली नाही वाटतं," आई एवढंसं तोंड करून म्हणाली.

मग मी तिलाही सगळं सांगितलं. तिने हातातली पोळी परत ताटात ठेवली. "अगंबाई, म्हणजे मी त्यांना मारत होते," म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, की शेवटी पाहुणेही हसू लागले. निरोप घेताना कंबरेतून वाकायचा त्यांचा रिवाज. त्या दिवशी ते जेमतेम चार बोटं वाकले.

सोमवारी पाचच्या सुमाराला मी वेणी घालत बसले होते. जायचं की नाही, हे विचारायचा धीर होत नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली. पाहुणे पुढच्या महिन्यात सपत्नीक येणार आहेत, असं वडिलांनी सांगितल्याचं ती म्हणाली. बाईमाणसाला आग्रह करायचा आणि वेळेवर थांबायचंही, तर मधे बोलायला सारखी मुलगी कशाला हवी, असंही काहीसं पुटपुटली. वर्गाला उशीर होईल म्हणून तिने माझ्या हातातून वेणी घेतली आणि उरलेले पेड स्वतः घातले. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. रिबिनीची गाठ मारता मारता ती हळूच म्हणाली,

"शिकवशील?"