धोंडूला चढवलेला कोट

दत्ताराम पेडणेकरांच्या फोटो स्टुडिओत एक काळा कोट होता, आणि १९३०च्या आगेमागे रत्नागिरीतल्या निम्म्या पुरुषांनी तो एकदा तरी अंगात घातला होता. वकिलांचे कारकून, शाळामास्तर, मुंबईहून सुट्टीवर आलेले चाकरमानी, सगळे त्याच कोटात. लठ्ठ गिऱ्हाइकासाठी त्याची पाठ उसवून ठेवलेली होती आणि बारक्यासाठी ती मागून चिमट्यांनी आवळत. शेजारच्या दोन घरांतले फोटो पाहावेत तर चेहरे निराळे आणि गळ्याखाली माणूस एकच. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. फोटो म्हणजे कोट.

दत्तारामांना मात्र त्या कोटाचा वीट आला होता. मुंबईत उमेदवारी करताना त्यांनी विलायती मासिकांत उघड्या पुरुषदेहांचे फोटो पाहिले होते. नुसतं अंग, ऊन आणि सावली. तसा एक फोटो आपल्या हातून व्हावा आणि मुंबईच्या प्रदर्शनात लागावा, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. गृहस्थ भित्रे. आमटीत मीठ नाही हे बायकोला, यमुनाबाईंना, सांगायचा धीर त्यांना आंचवेपर्यंत होत नसे, आणि हा माणूस रत्नागिरीत नागडा पुरुष शोधत फिरत होता. तालमीतला एक पैलवान तयार झाला, पण वर कोट घालीन म्हणाला.

शेवटी मिरकरवाड्याचा धोंडू भेटला. होडीवरचा माणूस, दोर ओढून ओढून उजव्या खांद्यावर वळ पडलेला. दिवसभर लंगोटीवरच असायचा, तरी तेवढीही सोडायची म्हटल्यावर बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "माणूस जन्मताना काय कोट घालून येतो, भाऊ? काढा. पन लंगोटी नीट ठेवा, कावळा न्हेईल."

भर दुपारी, मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांआड, कुणी नसताना फोटो निघाला. कॅमेऱ्यातली काच, म्हणजे त्या काळची निगेटिव्ह, धुतल्यावर दत्ताराम अंधाऱ्या खोलीतून बाहेरच येईनात. दोर ताणून उभा असलेला धोंडू, मान वळवून समुद्राकडे बघणारा, अंगावर ऊन सोडून काही नाही. आपल्याला जमलं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यावरून फोटो छापायला प्रदर्शनाला पाठवण्याजोगा चांगला कागद एकच उरला होता. घाई नको म्हणून त्यांनी काच आणि कागद जपून ठेवले.

ज्येष्ठाच्या तोंडावर वादळ आलं आणि धोंडूची होडी परतली नाही. माणूसही मिळाला नाही. काही दिवसांनी त्याची बायको राही स्टुडिओत आली. दाभोळला माहेरी चालली होती. धोंडूचा फोटो तेवढा द्या म्हणाली आणि उद्या येते सांगून गेली.

साधा कागद संपला होता आणि आगबोटी पावसाळ्यासाठी बंद झाल्या होत्या, म्हणजे नवा येणार नव्हता. प्रदर्शनाचा कागद राहीला द्यायचा, हे दत्तारामांनी मुकाट्याने ठरवलं. पण यमुनाबाईंनी काच उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला. "त्या बाईनं नागव्या नवऱ्याला हार घालायचा का? काहीतरी चढवा त्याच्या अंगावर."

यावरही दत्तारामांना 'नाही' म्हणता आलं नाही. कागदावर रंगानं कोट काढता आला असता, पण पावसाच्या दमट हवेत रंग ओघळला तर धोंडू हाराआड उघडा पडेल, ही दोघांनाही धास्ती. मग उरली काच. काचेवरचं जे खरवडाल ते कागदावर काळं उमटतं. काळा कोट हवा, तर धोंडूचं अंग खरवडायला हवं. दत्तारामांनी चाकू घेतला. छाती गेली, पोट गेलं, मांड्या गेल्या, खांद्यावरचा वळ गेला. हात मात्र कसबी. बटणंसुद्धा झकास आली.

दुसऱ्या दिवशी राहीनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ पाहिला.

"ह्यो कोन, भाऊ?"

दत्ताराम म्हणाले, धोंडूच.

"त्वांड त्याचं हाय. खालचा कोन सायेब हाय, मला म्हाईत न्हाय." मग ती खाली बघून म्हणाली, "कापडाबिगर काढलाय म्हनून त्यो घरी येऊन हसत व्हता. त्योच न्ह्यायला आलेली मी. भितीला कुठं लावनार व्हते? पेटीत ठ्येवला असता. माज्याबिगर कोन बघनार व्हतं?"

हे तिला आदल्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं.

राहीनं कात्री मागितली. हनुवटीखालून फोटो कापला, चेहऱ्याचा तेवढा तुकडा पदराच्या टोकाला बांधला आणि बाकीचा टेबलावर ठेवून ती पायऱ्या उतरली. दत्तारामांनी काच उचलून खिडकीशी धरली. मानेखाली काच लख्ख होती, आणि तिच्यातून पलीकडचा रस्ता दिसत होता.

त्या साली प्रदर्शन भरलं आणि संपलं. पुढेही दत्तारामांनी तिथे काही पाठवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, तसा माणूस मिळत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरावर तशी माणसं रोज दोर ओढत होती. दत्ताराम तिकडे गेलेच नाहीत.