लाल पेन घेऊन भीमपूरकडे

भीमपूरकडे जायचं मी ठरवलं नव्हतं. मला बोलावणं आलं, तेही पोस्टकार्डावर. त्यावर एकच ओळ होती: ‘दोनदा खोडलंत, आता एकदा येऊन पाहा.’

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी यवतमाळला शाळेत भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गावकोशाची पानं तपासायचे. गावकोश म्हणजे आम्हा पाचसहा हौशी लोकांचा ज्ञानकोश, सायक्लोस्टाइल केलेल्या सुट्या पानांचा. पान पोस्टानं सगळीकडे जायचं. ज्याला चूक दिसेल त्यानं दुरुस्ती लिहून परत पाठवायची. पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे भांडणं मनापासून व्हायची. काही वाचनालयं आणि एक वस्तुसंग्रहालय आमचे भागीदार होते. ते आपली कपाटं उघडून द्यायचे, आम्ही पानाखाली त्यांचं नाव छापायचो.

नियम दोनच. छापील पुरावा नसेल तर नोंद नाही, आणि आपल्या घरच्यांबद्दल आपण लिहायचं नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरच्या बाजूच्या एका मराठी बोलणाऱ्या गावातले ग्रंथपाल वाघमारे गुरुजी यांनी दोन्ही मोडले होते. तिथल्या वाचनालयाच्या संस्थापक म्हणून त्यांनी मुक्ताबाई वाघमारे हे नाव लिहिलं होतं. मुक्ताबाई म्हणजे त्यांची आई. दुसऱ्या एका सभासदानं इमारतीची शिळा वाचून एका देणगीदाराचं नाव कळवलं. शिळा तरी वाचता येते, म्हणून मी मुक्ताबाईंना खोडलं. गुरुजींनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा खोडलं. महिनाअखेरीस ते पान कायमचं छापायला जाणार होतं.

शनिवारी अर्धी शाळा करून निघाले. यवतमाळ ते पांढरकवडा एसटी, तिथून आदिलाबादची गाडी. तिकीट तेव्हा किती होतं ते सांगून आज कुणाचा फायदा नाही. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगूत सुरू होतात, आणि भूगोलाच्या बाईंना बसस्टँडवर बोट दाखवून विचारावं लागतं. रात्री लॉजवर राहिले. सकाळी स्टँडसमोर इडली खाल्ली. चटणी इतकी तिखट होती की पुढचा तासभर मी कुणाशी बोलले नाही.

भीमपूरकडे जीप जायची. दहाजणांच्या जागेत सतरा माणसं आणि कापसाचं एक गाठोडं. रस्ता असा की डोकं टपाला लागू नये म्हणून मान आत ओढून बसायचं. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या पिशवीतून डोकावणारी लाल पेनं पाहिली.

“पेपर तपासाले चालल्या का, बाई?”

“एकच आहे,” मी म्हटलं.

“मंग लवकर होईन.”

वाचनालय म्हणजे विहाराशेजारची एक खोली. शिळा दारावरच होती. गुरुजींनी पाणी देण्याआधी माझी रजिस्टरात सही घेतली. मराठी शाळेतून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला माणूस. पुस्तकं एक कपाटभर, पण फायली भिंतभर. बियाण्यांची पाकिटं, औषधांचे कागद, निवडणुकीची पत्रकं, गावात आलेल्या झाडून सगळ्या लग्नपत्रिका. प्रत्येकावर शिक्का आणि दाखल क्रमांक.

“पुस्तकं कुठून आणणार आमी? जे येते ते दाखल करतो.”

एका फायलीत माझी दोन पोस्टकार्डं होती. ‘नोंद रद्द. पुरावा नाही.’ खाली माझी सही, त्याखाली त्यांचा क्रमांक. ही काढून टाकता येतील का, असं मी विचारलं.

“दाखल झालेलं काढता येत नाही,” गुरुजी म्हणाले.

मुक्ताबाई दाराशी सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“तुमीच का जी त्या खोडणाऱ्या?”

“हो.”

“काऊन खोडलं?”

“छापलेलं काही नव्हतं.”

“पुस्तकं पावसात भिजून राह्यली होती. मी म्हटलं, आना माह्या घरात. जागा होत नव्हती, तं चूल बाहेर मांडली. चार वर्सं बाहेरच रांधलं. मंग ही खोली झाली.” त्यांनी तुरीतला एक खडा उचलून टाकला. “मले वाचता येत नाही. पन कोनतं पुस्तक कुठं होतं ते आजबी सांगीन.”

मला लाज वाटली. लाज वाटूनही मी विचारलं, “तेव्हाचं छापलेलं काहीच नाही?”

“बापू, लक्षीच्या लग्नाच्या पत्रिकेत होतं ना रे?”

“आई, ती पत्रिका आहे. बाई ग्रंथ मागून राह्यल्या.”

“पण छापलेली आहे ना?” मी म्हटलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग फायलींकडे. पंधरा मिनिटांत पत्रिका समोर आली. विटलेला गुलाबी कागद, वर ‘मंगल परिणय’. खाली, पाहुण्यांना घर सापडावं म्हणून: ‘स्थळ : मुक्ताबाईंच्या वाचनालयासमोर’. साल शिळेच्या तीन वर्षं आधीचं. ती नवरी शेजारची होती, वाघमाऱ्यांची कुणी नव्हे. माझे दोन्ही नियम शाबूत राहिले. दोन वर्षं आम्ही दोघं पुराव्यासाठी भांडत होतो आणि पुरावा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर होता.

“आता खोडसान का?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मंग जेवा.”

ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. इतकं चांगलं जेवण मला कुठल्याही तपासणीत मिळालेलं नाही.

झेरॉक्स आदिलाबादलाच होतं आणि गुरुजी पत्रिका हातची सोडेनात. म्हणून ते स्वतः जीपमध्ये बसले, फाइल मांडीवर घेऊन. दुकानात एक प्रत काढली, मूळ पत्रिका परत फायलीत ठेवली आणि उभ्या उभ्या परतीची जीप पकडली. मी यवतमाळला पोचून लाल पेनानंच लिहिलं, ‘नोंद मंजूर.’ आठवड्यानं गुरुजींचं कार्ड आलं. त्यावर माझ्या मंजुरीचा दाखल क्रमांक होता, दुसरं काही नाही.

गावकोश पुढे बंद पडला. मुक्ताबाई गेल्या, गुरुजीही गेले. फायली मात्र आहेत. आता गावातलीच एक मुलगी तिथे ग्रंथपाल आहे. तिनं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाच्या स्वयंसेवकांना बोलावून सगळ्या पत्रिकांचे फोटो काढून घेतले. मुक्ताबाईंची नोंद तिथे मी चढवली. गेल्या महिन्यात कुण्या होतकरू तपासनिसानं ती उडवली. मी पत्रिकेचा फोटो जोडून परत टाकली. त्यानं पुन्हा उडवली, शेरा मारला: ‘लग्नपत्रिका हा ग्राह्य पुरावा नाही.’

मला भयंकर राग आला. बराच वेळ टाइप केलं, सगळं पुसलं. त्याची चूक नव्हती, त्याच्या जागी असताना मीही असेच शेरे मारले होते. मग यवतमाळहून कसं जायचं, जीप कुठून मिळते, चटणी का टाळायची, हे सगळं नीट लिहिलं, आणि वर एक ओळ घातली:

‘दोनदा खोडलंत, आता एकदा येऊन पाहा.’