भोंगा कोणी धरलाय?

तुम्हाला म्हणून सांगतो, पण चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडाल. माझं लग्न ठरायच्या दिवशी मी जी माती खाल्ली, तशी आमच्या वाडीत आजवर कुणी खाल्ली नसेल.

विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला आमची वाडी. मी पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळतो. त्यामुळे गावात मान असा, की कुणाचा मिक्सर बिघडला तरी माझ्याकडेच येतो. त्याच जोरावर मी ग्रामपंचायतीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक सर्व्हर बसवला. ठरल्या वेळी तो पाण्याची मोटर चालू करायचा आणि देवळावरच्या भोंग्यातून माझ्याच आवाजात सांगायचा, “नमस्कार, पाणी आलं आहे, भरून घ्या.”

त्या दिवशी वरवे बुद्रुकचे पाहुणे आमचं घर बघायला येणार होते. मुलगी मी तिच्या मामाकडे बघितली होती. मला ती फार आवडली होती, तिलाही मी बरा वाटलो होतो. आता सगळं अडलं होतं तिच्या वडिलांच्या होकारावर, आणि त्यांची माझी गाठ अजून पडायची होती.

सकाळी आई म्हणाली, “संत्या, पाणी येतंय सांच्याला. पाहुण्यांपुढं रिकामा तांब्या ठेवू का? आज जरा दुपारी सोड की.”

एवढंच ना? सेटिंगच्या फाईलमध्ये वेळ बदलायची आणि सर्व्हरला सांगायचं, बाबा, फाईल पुन्हा वाच. चहा निवायच्या आत होणारं काम. मी पंचायतीत गेलो, माझा लॅपटॉप सर्व्हरला जोडला, वेळ बदलली, फाईल वाचायला सांगितली. सर्व्हर कोसळला.

पण मी काय कच्चा आहे का? कोसळला तर जुनीच वेळ लावून आपोआप उठायचं, अशी सोय मी आधीच करून ठेवली होती. तो उठला. मी पुन्हा वेळ बदलली, पुन्हा वाच म्हणालो, तो पुन्हा कोसळला. मग मी इरेलाच पेटलो. कानात हेडफोन घातले, मोठ्यानं गाणी लावली आणि सुरूच झालो. बदल, वाच, कोसळ, ऊठ.

आता गंमत ऐका. आमच्याकडे लाईट जाते, सर्व्हर बंद पडतो आणि पाण्याची हाक चुकते. म्हणून उठल्याउठल्या आधी एक हाक द्यायची, असं मीच त्याला शिकवलं होतं आणि साफ विसरलो होतो. इकडे मी गाण्यात दंग, तिकडे भोंगा घसा फोडून पाणी आल्याचं सांगतोय. बाया हंडे घेऊन नळावर धावायच्या, नळ नुसता फुसफुसायचा, त्या शिव्या देत घरी परतायच्या, की मी आहेच पुन्हा, “नमस्कार!”

शेवटी मी स्क्रीनवरचा निरोप नीट वाचला. ‘भोंगा आधीच कोणीतरी वापरत आहे.’

हात्तिच्या! सापडला की चोर. भोंग्याच्या मशीनलाच भजनी मंडळाची वायर जोडलेली असते. म्हणजे हे काम मंडळाच्या बुवांचं, महादूआण्णांचं. मी हेडफोन काढले, लॅपटॉप उचलला आणि तडक देवळाकडे निघालो. तिथं ही गर्दी! सगळ्यांच्या हातात हंडे-कळश्या.

“आण्णा, भोंगा तुम्ही धरून ठेवलाय,” मी म्हणालो.

“म्या? आरं, मगाधरनं त्यातनं तूच बोंबलतोयस की.”

“ते रेकॉर्डिंग आहे.”

आण्णांनी भजनाची वायर काढून माझ्या हातात दिली. तेवढ्यात मशीनशेजारी एक अनोळखी गृहस्थ दिसले. पांढरा सदरा, कडक टोपी. मला लगेच संशयाचा वास आला.

“तुम्ही कोण? इथं काय करताय?”

“देवाच्या पाया पडाय आलतो.”

“देव तिकडं आहे. हे मशीन आहे. हात वर करा.”

त्यांनी मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. मला आणखी चेव आला. म्हटलं, आता सगळ्यांनीच हात वर करा, म्हणजे कोण लबाडी करतंय ते कळेल. बायांनी कमरेवरचा हंडा सावरत एकेक हात वर केला. आण्णांनीही केला. मी पारावर लॅपटॉप ठेवून तिथूनच पंचायतीतल्या सर्व्हरला फाईल वाचायला सांगितली.

‘भोंगा आधीच कोणीतरी वापरत आहे.’ सर्व्हर कोसळला, उठला, आणि डोक्यावरून माझाच आवाज आला, “नमस्कार, पाणी आलं आहे.”

आण्णा शांतपणे म्हणाले, “समद्यांचं हात वर हायेत. मंग वापरतंय कोण?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या सर्व्हरनं भोंगा स्वतःच धरून ठेवला होता. फाईल पुन्हा वाचताना तो न सोडता नव्यानं मागायचा, आणि कुणीतरी धरलाय बघून हाय खायचा. हे सारं ज्यानं लिहिलं, तो मीच. मी लॅपटॉप मिटला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात आई धावत आली. “संत्या, पाहुणे कवाच गाडीवरनं उतरल्यात म्हणं. कुठं दिसलं का तुला?”

मशीनशेजारचे गृहस्थ खाकरले. हात अजून वरच होते.

“ताई, म्या हितंच हाय,” ते म्हणाले. “हात खाली घेऊ का, तेवढं जावईबापूंस्नी इचारा.”