गुडघ्याचं सोंग

माझी बुढी, माझी बायको, गेली त्याच्या आदल्या सांजेले आम्ही दोघांनी अंगणात बसून लाखोरीच्या शेंगा सोलल्या. ती गेल्यावर माझी झोपच उडाली. जेवण जाईना, रोज मरावंसं वाटे. सुनेले मात्र सांगितलं, गुडघा दुखते.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात बाकावर एक म्हातारा बसला होता. त्यानं दुपट्ट्यानं माझ्यासाठी जागा झटकली, सुपारी कातरून अर्धी मले दिली.

"गुडघा का जी?"

"हो."

"गुडघा दुखते म्हणता अन् बसले तर टुणकन!" तो हसला. "मीबी वर्षभर गुडघाच सांगितला. गोळ्या खाऊन गुडघा घोड्यासारखा झाला, पण रडणं थांबलं नाही. मंग त्या बाजूच्या दारात, मनाच्या डॉक्टरीणबाईले खरं सांगितलं."

"लोक पागल म्हणत असतीन."

"म्हणतेत ना! पण आता झोप मले येते. लोकाईले कायले विचारू?"

तेवढ्यात नर्सनं त्याले हाक मारली. नाव ऐकलं होतं, आता आठवत नाही. मी गुडघ्याच्याच गोळ्या घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या यष्टीनं परत गेलो, त्या बाजूच्या दारात शिरलो अन् म्हणालो, "बाई, गुडघा ठणठणीत हाये. बुढीबिगर मले जगणं जमून नाही राहिलं."