यशोधराबाईच्या बांधीतला सावा

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. मी — ज्याला गप्प बसवण्यासाठी बायकोने नवसही करून पाहिला! पण ही एक गोष्ट पोटात राहिली.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात चिखलणीचा ट्रॅक्टर माझा. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आधी एकदा चिखलणी करायची, आठ दिवस ओल ठेवून थांबायचं, उगवून आलेलं तण दुसऱ्या चिखलणीत गाडायचं, मग रोवणी. यात न कळण्यासारखं काय आहे?

यशोधराबाई आमच्याच गावची. एकटी बाई, दोन म्हशी, एक बांधी. त्या वर्षी ती मुलीच्या बाळंतपणाला चंद्रपूरला गेली आणि बांधी माझ्या भरवशावर सोडून गेली. आणि मी? तांदळाच्या गिरणीसमोरच्या टपरीवर किस्से रंगवत बसलो. पहिली चिखलणी राहूनच गेली. रोवणीच्या सकाळी एकदाच ट्रॅक्टर फिरवला — तोही घाईत.

सावा हे धानातलं तण, कोवळं असताना अगदी धानासारखं दिसतं. ती परतली तोवर सावा धानाच्या वर गेला होता.

“भाऊ, दोनी डाव चिखलणी केली होती न?”

“केली न बाई.”

“मंग हे कुठून आलं?”

सुचायला वेळ लागला नाही. मला कधीच लागत नाही. “तुमच्या म्हशी बांधावरचं गवत खातेत, त्याचं बी शेणातून बांधीत. तुमीच पेरून राह्यल्या!”

तिचं शेणखत दोन वर्षं कुजवलेलं, चहापत्तीसारखं मोकळं. त्यात कुठलं बी जिवंत राहणार? हे मला तेव्हाही माहीत होतं.

टपरीवर मी त्याची नक्कल बसवली. म्हैस पदर खोचते, ओटीत बी घेते, ठुमकत बांधीत पेरायला निघते. लोक हसून लोळायचे. एकदा वळून पाहिलं, तर ती मागे उभी. तीही हसत होती.

“आनखी एक डाव करून दाखव न, भाऊ.”

मी करून दाखवली.

दिवाळीआधी तिने दोन्ही म्हशी विकल्या. पुढच्या वर्षी बांधीत शेणखत नाही, नुसता युरिया. मी मात्र त्या वर्षी चोख काम केलं — दोन चिखलण्या, मध्ये पुरते आठ दिवस. का? मन खात होतं म्हणून? तसं काही वाटल्याचं आठवत नाही.

सावा नावालाही आला नाही.

ती बांधावर उभी राहून सगळीकडे बघत होती. “पाह्य भाऊ, तू खरंच सांगत होता. शेणच होतं ते.”

मी हो म्हणालो.

आता रोवणीला आलेल्या बायांना तीच सांगते, शेण टाकू नका म्हणून. दोन घरांनी सोडलं. तिच्या गोठ्यात युरियाची पोती असतात. कधी मी ट्रॅक्टर घेऊन तिच्या दारावरून गेलो, की ती हात करून थांबवते.

“शेणच होतं न, भाऊ?”

मी हो म्हणतो.