दिल्ली-रिटर्न सालदार

हॉटेल चालवणाऱ्याकडचे चमचे कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. चमचे कुठे जातात ते मला कधीच कळलं नाही. किस्से कुठून येतात ते मात्र पक्कं ठाऊक आहे, कारण त्यातल्या बहुतेकांतला गाढव मीच!

ऐंशीचं दशक संपता संपता मी दिल्लीहून हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलो. बरोबरचे सगळे मोठ्या हॉटेलांत लागले. मला मात्र खान्देशचं भरीत पांढऱ्या टेबलक्लॉथवर मानानं वाढायचं होतं! असोद्याला घरी पोचलो, तर शेजारच्या काकांनी विचारलं, "कपबशा धुवाले दिल्लीला जावं लागतं का रे?"

आबा, म्हणजे माझे वडील, हसले नाहीत. आमच्याकडे शेतावरचा वर्षाचा गडी, सालदार, अक्षय्य तृतीयेला ठेवतात आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्याचं साल संपतं. आम्ही त्या सणाला आखाजी म्हणतो. आबांनी धुळे रोडवरची जागा दाखवली आणि सालदाराला सांगतात तेवढंच सांगितलं, "आखाजी ते आखाजी. जमलं तर ठीक. नाहीतर जागा बंद, आणि तू दिल्लीची नोकरी धर."

फर्स्ट क्लास डिप्लोमावाला मी असा वडिलांचा सालदार झालो.

*

शेफ पाहिजे म्हणून पेपरात जाहिरात दिली. आल्या पार्वतीअक्का. सारा जन्म शेतमजुरी, आणि हिवाळ्यात मळ्यामळ्यांत भरीत पार्टीला वांगी भाजायला त्यांनाच बोलावणं. मी वही-पेन घेऊन इंटरव्ह्यू सुरू केला.

"वांगं किती मिनिटं भाजायचं?"

"ते वांगंच सांगते."

दिल्लीत असं शिकवलं नव्हतं. मी घड्याळ लावून बारा मिनिटांची स्टॅंडर्ड रेसिपी ठरवली. एक वांगं कोळसा झालं, दुसरं कच्चं राहिलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घड्याळाले वांगं समजत नाई, भाऊ."

त्यांनी मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या आणि तिथंच आमचं किचन झालं. मी हौसेनं आणलेला ओव्हन वाया गेला असं मात्र नाही. पावसाळ्यात काड्या कोरड्या ठेवायला त्याच्यासारखी जागा नाही!

*

कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या, म्हणून मिळाले बन्सीनाना, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. शिस्त कडक, आवाज खणखणीत. मी खूष!

एकदा धुळ्याचं नवं जोडपं आलं. मी त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं, फूल ठेवलं. पाच मिनिटांनी बघतो, तर त्या टेबलावर एक कापसाचे व्यापारी आणि त्यांचे मेहुणे जेवत बसलेले!

"नाना, हे काय?"

"चारची सीट आहे. दोघंच कसे जातील?"

"अहो, त्यांना एकमेकांशी बोलायचं असेल!"

"मग बोलू द्या की. हे दोघं काय झोपलेत?"

*

लस्सी-ताकाच्या काउंटरवर सुकदेवभाऊ. आधी यावलच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. माप अचूक, हात स्वच्छ. मी त्यांना 'बेव्हरेज इन्चार्ज' असा बिल्ला करून दिला.

पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तिसरी लस्सी मागितली. सुकदेवभाऊंनी मान हलवली. "दोन झाल्या ना? आता रात्री जेवणानंतर."

गिऱ्हाईक चिडलं, आवाज चढवला. सुकदेवभाऊ अजिबात डगमगले नाहीत. म्हणाले, "आधी जीभ दाखवा."

आणि त्यानं दाखवली हो!

*

माझा स्वतःचा पराक्रम म्हणजे बुफे. धुळ्याकडच्या एका साखरपुड्याची ऑर्डर मिळाली. मी टेबलं मांडली, प्लेटांचे मनोरे रचले. पाव्हणे आले, मनोऱ्यांकडे पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून ओळीनं खाली बसले.

नवरदेवाचे आजोबा म्हणाले, "आम्ही काय ढोरं शेतस का, उभ्यानं खावाले?"

मी तिथंच उभा राहून भाषण दिलं. स्वावलंबन, श्रमप्रतिष्ठा, आपल्या हातानं घेण्यातली समता... दहा मिनिटं! सगळे मन लावून ऐकत होते. मलाच गहिवरून आलं.

आजोबांनी मान डोलावली. "भाषण बेस व्हयनं, भाऊ. आते वाढ."

*

असं करत आखाजी आली. मी आठवडाभर आधी बोर्ड लावला होता: 'सणाच्या दिवशीही आपल्या सेवेत'. प्रोफेशनल हॉटेल सणाला बंद नसतं, हे मी दिल्लीत शिकलो होतो. आखाजीला खान्देशात एकही माणूस घराबाहेर जेवत नाही, हे मात्र असोद्यात जन्मून विसरलो होतो.

बारा वाजले. एक वाजला. हिशोबाच्या दिवशीच हॉटेलात माशी नाही! अक्का, नाना, सुकदेवभाऊ मात्र सण सोडून सकाळपासून आलेले.

दीड वाजता आबा आले. वर्षभरात त्यांनी इथं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. हातात मोठी पिशवी. साल संपलेल्या गड्याला सोडायचं असलं, की आबा त्याच्या हातात शिध्याची पिशवी देतात आणि हात जोडतात. ठेवायचा असला, तर काहीच बोलत नाहीत, सरळ काम सांगतात.

आबांनी रिकाम्या टेबलांवरून नजर फिरवली. मी दोन्ही हात पुढे केले. ते माझ्यासमोरून गेले आणि पिशवी अक्कांकडे दिली.

"घरचे मांडे आहेत. डब्यात रस आहे. सगळे बसा."

नाना, सुकदेवभाऊ, आबा एका टेबलाला बसले. आबांनी चौथी खुर्ची अक्कांसाठी ओढली. अक्का बसल्या, पण माझ्याकडे बघून अवघडल्या. "आबा, आन् भाऊ?"

"वाढेल ना तो."

मी वाढायला लागलो. मांडा तुटला, रस आबांच्या धोतरावर सांडला.

आबांनी धोतर झटकलं. माझ्याकडे न बघता अक्कांना विचारलं, "नवीन आहे का हा?"

अक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "हो, आबा."

"शिकेल," आबा म्हणाले. "अख्खं साल पडलंय."