तीन बोटांची पट्टी

आमच्या बोका दे गार्सा गावात ज्याच्या घरात निकोलासाने विणलेली पाग खुंटीला टांगलेली नाही, तो माणूस एक तर पाद्री असणार, नाही तर पाहुणा. बाकीच्यांनी तिच्या हातची जाळी तळ्यात फेकूनच पोरंबाळं मोठी केली. होडीच्या टोकावर उभं राहून पाग भिरकावली की ती हवेत कशी उघडावी, तर गोल, कुठे दुमड नाही, आणि काठाच्या शिशाच्या गोळ्या सगळ्या एकदम पाण्यात पडाव्यात. बाजारातलं यंत्रावरचं जाळं तसं उघडत नाही. ज्याला पटत नसेल त्याने यावं, दाखवतो.

निकोलासा दाराशी बसायची. स्टूल मागे भिंतीला रेलून, पुढचे दोन पाय हवेत. तोंडात चिरूट, तोही आमच्याकडच्या म्हाताऱ्या ओढतात तसा, पेटतं टोक आत. त्या निखाऱ्यासकट ती बोलायची, आणि बोलायची म्हणजे समोरच्याची सालं काढायची. डाव्या हातात पेरूच्या लाकडाची पट्टी, उजव्या हातात सुई. पट्टीला दोऱ्याचा वेढा द्यायचा, गाठ मारायची, पुढचा वेढा. पट्टी जेवढी रुंद, तेवढा जाळ्याचा आस, म्हणजे मासा अडकतो ते भोक. पट्टी तिच्या आईची होती आणि आईने ती स्वतःची तीन बोटं मोजून कापली होती.

तीन बोटं हा आमच्या तळ्याचा कायदा आहे. एके काळी लोकांनी बारीक जाळ्यांनी तळं असं खरवडलं होतं की बोकाचिको मासा आम्ही बाजारातून विकत आणून खात होतो. तळ्याकाठच्या माणसाने मासा विकत आणायचा, याहून मोठी नामुष्की नाही. तेव्हा गावाने बसून ठरवलं. नदी उतरायला लागली की तळ्यातले मासे ओढ्यातून मागदालेना नदीत जातात, तिच्यातून वर चढतात, पुढच्या पुरात अंडी सोडतात, आणि पिलं पुराबरोबर वाहत पुन्हा तळ्यात येतात. ज्या माशाने एकदाही नदी पाहिली नाही तो मारायचा नाही. तो जाळ्यातून निसटून गेला पाहिजे. म्हणून तीन बोटं.

जाळी तपासायची कुणी, यावर फार वाद झाला नाही. हंगामाच्या सुरुवातीला ओढ्याच्या तोंडाशी होड्यांची रांग लागायची आणि निकोलासा चिरूट चघळत एकेकाच्या जाळ्यात आपली पट्टी घालून बघायची. आरामात गेली तर जा. अडली तर घरी जा. कुणी थट्टेत म्हणायचं, "आणि तुमचं जाळं कोण मोजणार?"

"माझं काय मोजायचं? मापच माझं आहे," ती म्हणायची, आणि तिची होडी सगळ्यांच्या आधी सुटायची.

भीड म्हणून तिला कसली नव्हती. तिच्या बहिणीचा मुलगा एलियेसर, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, एकदा शहरातून तयार जाळं घेऊन आला. पट्टी अडली. "मावशी, जरासंच बारीक आहे," तो म्हणाला. निकोलासाने एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि सगळ्या रांगेसमोर त्याचं जाळं काठापासून मध्यापर्यंत उभं कापलं. "आता मोठं झालं," ती म्हणाली. लोक हसले. एलियेसर हसला नाही. त्या दिवसापासून तो मावशीच्या दारावरून जाताना मान वळवून जायचा, आणि तीही भिंतीकडे तोंड करून धूर सोडायची. रक्ताचीच माणसं ती, हट्ट दोघांचा सारखा.

इथवर सगळं ठीक होतं. पण गेली काही वर्षं मासा लहान होत चालला होता. एकदम नाही, हळूहळू. आधी ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येणारा बोकाचिको ताटात मावायला लागला, मग एका ताटात दोन मावायला लागले. निकोलासा संतापायची. पलीकडच्या काठावरचे लोक चोरून मारतात म्हणायची, वरच्या धरणाला शिव्या द्यायची, आणि शेवटी सगळं खापर एलियेसरवर फोडायची. त्याने नक्की दुसरं जाळं आणलंय.

एकदा म्हातारा तोरिबियो तिच्या दाराशी टेकला. त्याने तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलं होतं, म्हणून एकमेकांना कोम्पाद्रे आणि कोमाद्रे म्हणायची दोघं. तिच्या मांडीवरच्या जाळ्यात बोटं घालत तो म्हणाला, "कोमाद्रे, माझी तीन बोटं पूर्वी यात सहज जायची. आता जात नाहीत."

"दारू कमी करा, कोम्पाद्रे. बोटं सुजलीत."

तोरिबियोने बोटं उलटीसुलटी करून पाहिली. तिच्याशी वाद घालणं म्हणजे उगाच तोंडाची वाफ दवडणं.

मग तोरिबियोच्या घराचं छप्पर नव्याने शाकारायला काढलं आणि माळ्यावरून एक जुनी पाग निघाली. सुताची, काळी पडलेली. निकोलासाच्या आईने ती तोरिबियोच्या बापासाठी विणली होती आणि पुढे ती कोंबड्यांपासून रोपं वाचवायला वापरली गेली होती. एका जागी उंदरांनी कुरतडलं होतं. तोरिबियो ती घेऊन आला. "एवढं सांधून द्या. आठवण म्हणून भिंतीवर लावीन."

निकोलासाने जाळं मांडीवर घेतलं तेव्हा तिचा आवाज मऊ झाला. आईच्या गाठी तिला हाताला ओळखू आल्या. तिने पट्टी घेतली आणि विणायला लागली. चार ओळी झाल्या तोच ठिगळ गोळा व्हायला लागलं, पिशवीचं तोंड आवळावं तसं. तिने ते उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा गोळा झालं.

"हे तुमचं जाळं ताणलं गेलंय," ती तोरिबियोवर खेकसली. "कोंबड्यांवर घालायला दिलं होतं का आईने?"

"सूत ताणलं जातं का, कोमाद्रे? सूत पाण्यात आटतं."

हे तिलाही ठाऊक होतं. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार? तिने आईच्या जाळ्याच्या एका आसात पट्टी घातली. पट्टी आत डुगडुगली. शेजारच्या आसात घातली, तिथेही तेच. मग तिने चिरूट तोंडातून काढला आणि पट्टी उजेडात धरली. एवढ्या वर्षांत तिने ती कधी नीट पाहिलीच नव्हती, हातात मात्र रोज धरली होती. नायलॉनच्या दोऱ्याने दोन्ही कडा झिजवल्या होत्या. दोरा रोज थोडं थोडं लाकूड खात आला होता आणि जाळ्याचे आस तेवढेच बारीक होत आले होते. आणि त्याच झिजलेल्या पट्टीने ती गावाची जाळी पास करत होती.

पट्टीकडे बघून तोरिबियो उठला आणि टोपी डोक्यावर घालून निघून गेला. शहाणा माणूस.

सून यादिरा चुलीपाशी मासे तळत होती. सासूचा चेहरा बघून ती बाहेर आली आणि तिलाही कळायला वेळ लागला नाही. "आई, द्या ती इकडे," ती हळूच म्हणाली. "चुलीत घालते. नवी कापा, यापुढे नव्या मापाने विणा. तोरिबियोकाका कुणाला सांगायचे नाहीत."

निकोलासाने पट्टी दिली नाही. मोह झाला नसेल असं म्हणणं खोटं ठरेल. गावात तिच्याकडे दुसरं होतं काय? जमीन नाही, नवरा कधीच वारला, मुलगा शहरात. एक नाव तेवढं होतं, आणि ते या लाकडावर उभं होतं. दुपारभर ती तशीच बसून राहिली. यादिराने समोर ताट ठेवलं, उकडलेला युकाचा कंद आणि दोन मासे. निकोलासाने एका माशाचं पोट बोटाने उघडून पाहिलं. आत अंड्यांची पिशवी धरायलाही लागली नव्हती. कोवळं पोर होतं ते. तिने ताट बाजूला सारलं.

"आणि एलियेसरच्या जाळ्याचं काय?" ती म्हणाली. "ते मी चारचौघांत कापलं. चुलीपाशी नाही कापलं."

रविवारी मिस्सा सुटल्यावर ती चर्चसमोरच्या चिंचेखाली उभी राहिली. एका हातात आईचं जाळं, दुसऱ्यात पट्टी. लोक घराकडे निघाले होते, ते थांबले. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "मासा लहान झाला तो चोरांमुळे नाही," ती म्हणाली. "धरणाचं मला माहीत नाही. पण पट्टी झिजली आणि मला कळलं नाही. तुमच्या घरात टांगलेलं प्रत्येक जाळं बारीक आहे. ते मी विणलंय आणि मीच पास केलंय." मग तिने आईच्या जाळ्यात पट्टी घालून सगळ्यांना ती डुगडुगताना दाखवली. माणसांना एकेक करून पुढे यायला लावलं, बोटं घालून बघायला लावली.

तेव्हा मागून तोरिबियो म्हणाला, "म्हणजे माझी बोटं सुजली नव्हती तर."

"दारू तरी कमीच करा," निकोलासा म्हणाली, आणि चिंचेखालचं अख्खं गाव हसलं.

ती मात्र हसली नाही. गर्दीतून वाट काढत ती एलियेसरपुढे गेली आणि एप्रनच्या खिशातली कात्री त्याच्यापुढे धरली. "तुझं जाळं बारीक होतंच. पण माझं त्याच्याहून फार मोठं नव्हतं. आता माझं काप."

एलियेसरने कात्री घेतली. अंगठ्याने तिची धार पाहिली, मग ती स्वतःच्या खिशात टाकली. "कापतो. पण आधी सगळ्यांची नवी विणून होऊ देत, मावशी. नाही तर गाव तुला आणि मला दोघांना खाईल."

तो हंगाम आम्ही तळं बंद ठेवलं. कुरकुर झाली, नाही असं नाही. मोठ्या नदीवर गळ टाकून जे मिळेल ते खाल्लं, कोंबड्यांच्या अंड्यांवर दिवस काढले, युका खाऊन खाऊन कंटाळलो. पण पुन्हा बाजारातून बोकाचिको आणायची पाळी येऊ द्यायची नाही यावर सगळे ठाम होते. निकोलासाच्या दाराशी स्टुलांची रांग लागली. बायका आल्या, पुरुष आले, पाद्रीसुद्धा एकदा येऊन गाठी मारून गेला आणि त्याच्या गाठी तिने त्याच्यासमोर उसवल्या. बोटांना चिरा पडल्या की ती त्यांवर तंबाखूची थुंकी लावायची आणि पुढे विणायची.

नवी माप-पट्टी एलियेसरने केली. मोडक्या इंजिनाच्या पत्र्यातून, आजीच्या त्या जुन्या जाळ्यावर ठेवून कापलेली. "ही झिजत नाही, मावशी."

निकोलासाने ती वाजवून पाहिली, दातांनी चावून पाहिली. "सगळं झिजतं. हिला वेळ लागेल एवढंच." आणि तिने आईचं जाळं तोरिबियोच्या भिंतीऐवजी चर्चमध्ये कान्देलारिया मातेच्या पायाशी टांगायला लावलं. दरवर्षी हंगामाआधी ते उतरवायचं, पट्टी त्यात घालून बघायची, मगच ओढ्यावर जायचं. तपासायचं काम तिने एलियेसरवर टाकलं. गावाने तिलाच धरून ठेवलं असतं, हे मी शपथेवर सांगतो.

पुढच्या वर्षी पाणी उतरलं आणि ओढ्याच्या तोंडाशी होड्या लागल्या. पाण्यात मासे असे उसळत होते की काठावर उभं राहून ऐकू यावं, आणि ताटाबाहेर शेपूट काढतील असे होते ते. निकोलासाची होडी रांगेत पहिली होती, नेहमीसारखी. नवी पाग तिने खांद्यावर घेतली होती. काठावर बसलेल्या एलियेसरने तिच्याकडे पाहिलं, पट्टी बाजूला केली आणि हाताने खूण केली. "जा, मावशी. तुझं काय मोजायचं?"

ती जागची हलली नाही. मागे होड्या खोळंबल्या, कुणीतरी शीळ घातली. तिने खांद्यावरचं जाळं उतरवलं, त्याच्या गुडघ्यांवर पसरलं आणि चिरूट तोंडातून काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझंच आधी मोज."

त्याने मोजलं. काठाशी, मध्यावर, वर दोरीपाशी. पट्टी प्रत्येक वेळी आरामात गेली.

"जा," एलियेसर म्हणाला.

मग ती ताठ मानेने होडीच्या टोकावर जाऊन उभी राहिली.